लेखकाच्या साइटवर वाचक कशाला येतो?

गेल्या रविवारी कोडोलीत घरी होतो. सकाळी आठच्या सुमारास (म्हणजे सुट्टीच्या दिवशी माझ्या दृष्टीनं पहाटेच) आमच्या भागातले एक कथालेखक दारात हजर. वडिलांच्या ओळखीचे. नावावर चार पुस्तकं, वय साठीच्या पुढं, हातात कापडी पिशवी. चहा झाला, उसाचं झालं, पावसाचं झालं. मग त्यांनी पिशवी टेबलावर उपडी केली. साठ-सत्तर फोटो. शाल, श्रीफळ, शाल, श्रीफळ, मध्येच एखादा मंत्री.

"वेबसाइट काढायची हाय बाबा आपली. आता सगळ्यांचीच असती. एवढं सगळं बसंल का त्यात?"

बसायला काय, सगळं बसतं. सर्व्हरला शालींचं ओझं होत नाही. पण मी म्हटलं, "काका, फोटो जरा बाजूला ठेवू. आधी मला सांगा, तुमची पुस्तकं आज कुठं विकत मिळतात?"

काका जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "दोन संपल्यात. एकाचे गठ्ठे माळ्यावर हायत. चौथ्याचं त्या प्रकाशकालाच ठावं."

तर मंडळी, आजचा विषय हाच. लेखकाच्या साइटवर वाचक नेमका कशाला येतो? माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका. पुस्तक मिटल्यावर वाचकाच्या डोक्यात जो प्रश्न शिल्लक राहतो, त्याचं उत्तर मिळायची जागा म्हणजे लेखकाची साइट. बाकी सगळी हौस. हौसेला ना नाही, पण ती शेवटच्या पानावर.

हे मत मी कुठल्या व्याख्यानात ऐकून बनवलेलं नाही. ते एका चुकीतून आलंय, आणि चूक माझी आहे.

२०१७ साली मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. नुकतंच एचटीएमएल, पीएचपी हाताला लागलेलं, त्यामुळे जो दिसेल त्याला "तुमची वेबसाइट करून देऊ का?" असं विचारत सुटलो होतो. माझ्या एका मित्राचे आजोबा निवृत्त प्राथमिक शिक्षक आणि लेखक. गाव-शिवारातल्या माणसांच्या गोष्टी लिहायचे. नाव मुद्दामच सांगत नाही; गुरुजी म्हणू. मित्र म्हणाला, आजोबांची साइट कर की. झालं! आठवडाभर जागून मी साइट केली. वर सरकणारे फोटो. त्याखाली 'अल्प परिचय' (चांगला तीन पानांचा). मग पुरस्कारांची यादी, मग मान्यवरांचे अभिप्राय. पुस्तकांची नुसती मुखपृष्ठं. तळाला किती जण येऊन गेले ते दाखवणारा आकडा. आणि अगदी कोपऱ्यात 'संपर्क' नावाचा फॉर्म. फॉर्ममधलं पत्र ज्या ईमेलवर जायचं ते खातं मीच उघडलं, त्याचा पासवर्ड प्रॅक्टिकलच्या जर्नलच्या मागच्या पानावर लिहिला आणि विसरून गेलो.

गुरुजी भेटले की विचारायचे, "काय रे, कुणाचं काही आलं का?" मी ऐटीत सांगायचो, "गुरुजी, चार हजार लोक येऊन गेले!" एकदा ते म्हणाले, "चार हजार? आणि कुणीच काही बोललं नाही?" मी हसलो आणि विषय बदलला. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही.

२०२० च्या शेवटी गुरुजी गेले. पुढं काही महिन्यांनी मित्राचा फोन आला की साइट बंद दिसतेय. डोमेनची मुदत संपली होती, आणि मुदत संपत आल्याच्या सूचना अर्थातच त्याच न उघडलेल्या खात्यात जात होत्या. जुनं जर्नल शोधलं. पासवर्ड सापडला. खातं उघडलं.

आत वाचकांची अडतीस पत्रं होती.

सगळी वाचायला दुपार गेली. पहिलं पत्र साइट सुरू झाल्यावर तिसऱ्याच आठवड्यातलं. शेवटचं साइट बंद पडायच्या आदल्या महिन्यातलं, म्हणजे गुरुजी गेल्यानंतरचं. लिहिणाऱ्याला ते गेल्याचं माहीत नव्हतं. कळणार कुठून? साइटवर ते हयातच होते.

तेव्हापासून "लेखकाच्या साइटवर काय असावं?" असं कुणी विचारलं की मला ती पत्रंच आठवतात. त्यात लोकांनी काय विचारलं होतं ते थोडक्यात सांगतो.

सर्वांत जास्त पत्रं एकाच प्रश्नाची: पुस्तक कुठं मिळेल? 'दुकानात विचारलं, नाही म्हणाले', 'प्रकाशकांचा फोन लागत नाही', 'वाचनालयाची प्रत हरवली, आता भरून द्यायची आहे'. एका ग्रंथपालांना चारही पुस्तकांचे दोन-दोन संच हवे होते. त्यानंतरचा गट म्हणजे 'अमुक गोष्ट कुठल्या पुस्तकात आहे?' लहानपणी दिवाळी अंकात वाचलेली, बैल आठवतोय, विहीर आठवतेय, नाव आठवत नाही. मग काही जण विचारत होते की हे खरं घडलंय का, ते गाव कुठलं. दोन विद्यार्थ्यांना पहिल्या आवृत्तीची सालं हवी होती. एका शिक्षिकेला शाळेच्या स्नेहसंमेलनात एका गोष्टीचं नाट्यरूप करायचं होतं, त्याची परवानगी हवी होती. खाली तारीख लिहिलेली, 'त्याआधी कळवलंत तर बरं होईल'. एकानं बारीक अक्षरात चूक दाखवली होती: पान अमुकवर तुम्ही ज्या महिन्यात शाळू काढलाय त्या महिन्यात आमच्याकडं शाळू निघत नाही! (गुरुजी यावर जाम खूश झाले असते. दोन पानी उत्तर लिहिलं असतं.) आणि पाच-सहा पत्रांत प्रश्नच नव्हता. 'तुमची गोष्ट वाचली, वडिलांची आठवण झाली, कळवावंसं वाटलं.' एवढंच.

पुरस्कारांबद्दल अडतीसपैकी एकानंही विचारलं नव्हतं. मी ज्यावर आठवडाभर जागलो त्या सरकत्या फोटोंबद्दलही नाही.

आता हे मला आधी कळायला हवं होतं. कारण वापरणारा कशाला येतो आणि बांधणारा काय बांधतो यातला फरक दाखवणारं एक मोठं उदाहरण माझ्या घराशेजारीच घडलंय. आमचं कोडोली आणि वारणानगर अगदी लागून. १९९८ साली इथं 'वायर्ड व्हिलेज' नावाचा प्रकल्प सुरू झाला. वारणा सहकारी समूह, केंद्र सरकारचं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, सगळे त्यात होते. वारणेच्या आसपासच्या ७० गावांत संगणक केंद्रं. खेड्यातल्या शेतकऱ्याला संगणकावर बाजारभाव, पीकसल्ला, सरकारी योजना, शिक्षण असं सगळं मिळणार, ही कल्पना. १९९८ साली हो! देशभर त्याचं कौतुक झालं.

पण शेतकरी त्या केंद्रावर जायचा ते मुख्यतः आपल्या उसाच्या कामासाठी. माझा ऊस किती टन भरला? तोड कधी येणार? खताचं किती कापलं? बिल किती निघालं? जगाच्या माहितीपेक्षा त्याला स्वतःच्या सातबाऱ्यावरच्या उसाची माहिती हवी होती. पुढं २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बंगलोरच्या संशोधकांनी हेच हेरलं आणि सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलच्या एसएमएसवर ही माहिती द्यायचा प्रयोग केला. तो चालला. साधा फोन, इंग्रजी आकड्यांचा संदेश, पण प्रश्नाचं उत्तर हातात. नकाशा, चित्रं, रंग काही नाही. तरी शेतकरी खूश, कारण टनेज कळलं.

लेखकाच्या वाचकाचंही अगदी असंच असतं. त्याचंही एक 'टनेज' असतं. तेवढं त्याला आल्या आल्या सांगा.

उदाहरण म्हणून शंकर पाटील घ्या. माझ्या गावाचं नाव सांगितलं की पुण्यात हमखास कुणीतरी म्हणतं, "अरे वा, शंकर पाटलांचं कोडोली!" नाही हो. ते पट्टणकोडोली, हातकणंगले तालुक्यातलं, विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्यानं पिवळं होणारं. आमचं कोडोली पन्हाळा तालुक्यात. (मी पूर्वी हे सांगायचो, आता कधीकधी नुसतंच हो म्हणतो. फुकटचा मान कोण सोडतो?) पण विनोद बाजूला ठेवा. समजा, एखादा तेवीस-चोवीस वर्षांचा पोरगा शंकर पाटलांची एक गोष्ट ऐकतो किंवा 'धिंड' वाचतो आणि रात्री अकराला फोनवर त्यांचं नाव शोधतो. त्याला काय हवं असतं? १९२६ चा जन्म, १९९४ चं निधन, १९८५ च्या नांदेडच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद हे सगळं ठीक आहे, असावंच. पण त्याला पहिल्यांदा हवं असतं ते हे: याच चवीचं पुढचं कुठलं वाचू? 'वळीव'पासून सुरू करू की 'खुळ्याची चावडी'पासून? 'टारफुला' ही कादंबरी आहे की कथासंग्रह? व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार यांच्याबरोबर ते कथाकथन करायचे म्हणे, तो आवाज ऐकायला मिळेल का? १९७२ च्या 'पिंजरा'चे संवाद याच माणसानं लिहिले का? (हो, याच माणसानं.) आणि ते गाव नेमकं कुठलं कोडोली?

ही पाच-सहा उत्तरं एका पानावर, साध्या अक्षरांत असली की झाली साइट. त्याला पुढचं पुस्तक मिळतं, लेखकाला पुढचा वाचक मिळतो.

किंवा अण्णा भाऊ साठे घ्या. वाटेगाव आमच्यापासून लांब नाही, वारणेच्याच खोऱ्यातलं. 'फकिरा' वाचून संपल्यावर मुंबईतल्या किंवा मराठवाड्यातल्या वाचकाला वाटतं, ही माणसं खरी होती का? हा मुलूख कुठं आहे? तिथं एक साधा नकाशा ठेवा, वारणा नदी कुठून कुठं वाहते ते दाखवा. तो नकाशा दहा मानपत्रांना भारी आहे.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा: "हे काम प्रकाशकाचं, लेखकानं लिहावं." अंशतः मान्य. पण प्रकाशकाकडं त्याची स्वतःची पुस्तकं दिसणार. आमच्या काकांची चार पुस्तकं तीन प्रकाशकांची. चारही एका जागी दिसतील अशी जागा लेखकाशिवाय कोण करणार? शिवाय पुस्तक छापायचं बंद झालं की प्रकाशकाच्या यादीतून ते नाहीसं होतं. वाचकाला तर नेमकं तेव्हाच विचारायचं असतं की संपलंय की पुन्हा येणार आहे. 'सध्या उपलब्ध नाही' हेसुद्धा उत्तर आहे. त्यानं तीन दुकानांचे हेलपाटे वाचतात.

दुसरा आक्षेप: "फेसबुक आहे की, वेगळी साइट कशाला?" फेसबुक म्हणजे गावचा बाजार. गाठीभेटीला उत्तम. पण मागच्या बाजारात कोण काय बोललं ते या बाजारात कुणाला सापडत नाही. आणि वाचक पुस्तकाला दहा-वीस वर्षांनीही भेटतो.

तिसरा आक्षेप मला जास्त पटतो: "लेखकाला एकांत हवा, त्याला लोकांच्या हवाली कशाला करता?" बरोबर आहे. जी. ए. कुलकर्णी माणसांपासून, समारंभांपासून किती लांब राहिले हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच जी.एं.नी पत्रं किती लिहिली बघा! त्यांच्या निवडक पत्रांचेच खंड निघाले. सभेत न भेटणारा माणूस पत्रात भेटत होता. म्हणजे संपर्काचा पत्ता देणं आणि दिवाणखाना उघडा ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला उत्तरं द्यायची नाहीत त्यानं तसं स्वच्छ लिहावं: 'पत्रं पोहोचतात, उत्तर देणं जमेलच असं नाही.' वाचक समजूतदार असतो. त्याला फक्त पत्र पोहोचलं की नाही ते कळायला हवं. मी गुरुजींच्या वाचकांना तेवढंही कळू दिलं नाही.

थोडं तांत्रिक बोलतो, त्याशिवाय माझा पगार हलाल होत नाही. जे. के. रोलिंगबाईंची साइट २००४ साली नव्यानं आली तेव्हा ती लिहिण्याच्या टेबलासारखी दिसायची. वस्तूंवर टिचकी मारली की काही ना काही निघायचं. मजेदार प्रकार. पण चाहते पुन्हा पुन्हा जायचे ते बाई स्वतः प्रश्नांना उत्तरं द्यायच्या आणि अफवा खोडून काढायच्या म्हणून. ते टेबल फ्लॅशमध्ये होतं. २०१२ साली साइटचं रूप बदललं, आणि २०२० च्या अखेरीस फ्लॅश स्वतःच इतिहासजमा झालं. आकर्षक टेबलं अशी जातात. साधं अक्षर टिकतं.

मराठीत तर अक्षराचीच भानगड. छापखान्यातून येणारा मजकूर बहुतेक वेळा जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये असतो. पडद्यावर दिसतं मराठी, पण आत साठवलेलं असतं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं. फॉन्ट काढला की उरतो कचरा. मी गुरुजींच्या साइटवर यावर 'उपाय' काढला होता: पानांचे फोटोच चढवले! परिणाम असा की 'बैल विहीर गोष्ट' असं कुणी कितीही शोधलं तरी ती गोष्ट सापडणार नव्हती, कारण शोधणाऱ्या यंत्राला तिथं फक्त चित्र दिसत होतं. तेव्हा लेखकमंडळी, मजकूर युनिकोडमध्येच हवा असा हट्ट धरा. प्रत्येक संग्रहाखाली त्यातल्या गोष्टींची नावं टाइप करून घ्या, आणि प्रत्येक गोष्टीबद्दल एक ओळ. तेवढ्या एका ओळीवर कुणाचं तरी बालपण शोधून सापडू शकतं.

शेवटचा मुद्दा जरा अवघड आहे. समोर बसलेल्या लेखकाला विचारायला जीभ रेटत नाही, पण विचारावंच लागतं: तुमच्यानंतर हे कोण बघणार? आपल्या कायद्यानं लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क वारसांकडं राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन २०११ पासून सर्वांना मोकळं झालं. अण्णा भाऊ १९६९ साली गेले, म्हणजे २०२९ च्या अखेरीपर्यंत हक्क आहे. तुमच्याआमच्या भागातल्या लेखकांचा हक्क याच हिशेबानं नातवंडांच्या काळापर्यंत जातो. नाटक करायचंय, पाठ्यपुस्तकात घ्यायचंय, नवी आवृत्ती काढायचीय, परवानगी कुणाकडं मागायची? ते नाव साइटवर नसेल तर लोक एक तर न विचारता वापरतात किंवा सोडून देतात. दोन्हीत लेखकाचं नुकसान. आणि डोमेनची मुदत वाढवायची आठवण एका नव्हे, दोन माणसांच्या फोनवर लावा. एक घरातला, एक बाहेरचा.

गुरुजींच्या पत्रांचं काय झालं? मी आणि मित्रानं बसून सगळ्यांना उत्तरं लिहिली. गुरुजी नाहीत, उशिराबद्दल माफी, आणि ज्या प्रश्नाचं उत्तर माहीत होतं ते उत्तर. बरं झालं तेव्हाच खातं उघडलं. दोन वर्षं वापरात नसलेली खाती गूगलनं २०२३ च्या डिसेंबरपासून पुसायला घेतली, मग काहीच हाती लागलं नसतं. अडतीसपैकी अकरा जणांचं उलट उत्तर आलं. त्या शिक्षिकेनं लिहिलं, 'त्या वर्षी दुसरी गोष्ट केली. परवानगी नव्हती, म्हणून नाही केली. आता मुलं दहावीला गेली.' मित्रानं परवानगी लगेच पाठवली. पण ज्या मुलांनी ती गोष्ट करायची होती ती मुलं निघून गेली होती, आणि ज्यांना ते ऐकून सगळ्यात जास्त आनंद झाला असता ते गुरुजीही.

"कुणीच काही बोललं नाही?" याचं उत्तर माझ्याच जर्नलच्या मागच्या पानावर पडून होतं. हे मला अजून लागतं.

असो. काकांच्या साइटचं काम सुरू केलंय. पहिल्या पानावर चार पुस्तकं, कुठलं मिळतं, कुठलं संपलंय, माळ्यावरचे गठ्ठे कुणाला फोन केल्यावर घरपोच येतील. एक अख्खी गोष्ट वाचायला. काकांच्या आवाजात दुसरी एक, फोनवरच रेकॉर्ड केलेली, मागं कोंबडा आरवतो तो तसाच ठेवलाय. पत्रांचा पत्ता थेट काकांच्या फोनवर आणि त्यांच्या सुनेच्याही. भेट देणाऱ्यांचा आकडा नाही.

फोटो? काकांचा चेहरा फारच पडला, म्हणून एक पान त्यांना दिलंय. सगळ्यात शेवटी. मंत्र्यासकट.